बाई

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या मंडळीत दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू येशू सात वेळा बोलला. ते सात शब्द महिनाभर आधी सात जणांना वाटून दिले जातात. २०१८ साली तिसरा शब्द माझ्याकडे आला. "बाई, पाहा, हा तुझा मुलगा." आणि मग शेजारी उभ्या असलेल्या शिष्याला, "पाहा, ही तुझी आई." योहानाच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय.

तयारीसाठी पाळकसाहेबांकडून दोन-तीन जाडजूड भाष्यग्रंथ आणले. सगळ्यांत पहिलं पान एकाच शब्दावर खर्ची पडलेलं. मरणाच्या दारातला मुलगा आईला 'आई' न म्हणता 'बाई' कसा म्हणतो? मग त्याचे खुलासे. मूळ ग्रीकमध्ये 'गुनाय' असा शब्द आहे, त्या काळी तो आदराचा होता. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीलाही त्याने हाच शब्द वापरला आणि पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी रडणाऱ्या मग्दालिया मरीयेलाही. काना गावातल्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हाही तो आईशी असंच बोलला होता. दोन रात्री मी हे वाचत बसलो, आणि अडचण नेमकी कुठे आहे तेच मला उमगेना. आम्ही भावंडं आमच्या आईला बाईच म्हणायचो.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, शेवगावच्या बाजूला. तिकडे कितीतरी घरांत आईला बाई म्हणतात. "बाई, भाकर दे." "बाई, माझी पाटी कुठं ठेवलीस?" बाई म्हणायचं आणि लगेच 'तू' म्हणायचं. शाळेतल्या बाईंना 'तुम्ही' आणि घरातल्या बाईला 'तू', हा फरक बोलायला लागलेल्या पोरालाही न शिकवता कळायचा. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, प्रभू नेमका तसाच बोलतो. 'बाई' म्हणतो आणि पुढच्याच श्वासात 'तुझा' म्हणतो. ग्रंथ लिहिणाऱ्यांना जिथे परकेपणाची शंका आली, तिथे मला आमच्या ओट्यावरचा आवाज ऐकू आला.

बाईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

बाईची सासू, म्हणजे माझी आजी, मिशनची बायबलबाई होती. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केलं आणि पुढे खेडोपाडी जे पसरलं, त्यातला मोठा वाटा या बायबलबाईंच्या पायांचा. खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या सुट्या पुस्तिका आणि गायनाचं पुस्तक, हातात काठी. जिथे पुरुष उपदेशकाला उंबऱ्याबाहेर थांबावं लागे, तिथे या चुलीपर्यंत जात. कुणाला अक्षरं शिकव, कुणाच्या बाळंतपणाला थांब, कुणाला नुसतं ऐकून घे. आजीने आपल्या सुनेलाही असंच कंदिलाच्या उजेडात वाचायला शिकवलं. बाईचं पहिलं पुस्तक लूकचं शुभवर्तमान. अंकलिपी तिच्या हातात कधी पडलीच नाही.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात एक वाक्य आहे. तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग तुझी आई युनीके हिच्यात, असं तो म्हणतो. साऱ्या नव्या करारात 'आजी' हा शब्द एवढाच एकदा येतो. पौलाला मोठमोठे सिद्धान्त मांडायचे असतात, तुरुंगात मरण समोर दिसत असतं, आणि तरी तो थांबून एका आजीचं नाव लिहितो. मला हे फार मोलाचं वाटतं. नाव लिहिलं नसतं तर लोईस कुणाला माहीत झाली असती? आमच्या बायबलबाईंची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. बाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. सरकारकडून मिळणारी सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि आम्हा तिघांत वाटायची. घरात मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लालसर भाकरी, त्या गार झाल्या की दातांनी तुटायच्या नाहीत. संध्याकाळी बाई हात पाण्यात बुडवून बसायची. बोटांच्या पेरांवर बारीक बारीक चिरा, त्यांत दगडाची भुकटी गेलेली. त्याच हातांनी मग ती गायनाचं पुस्तक उघडायची. कौटुंबिक उपासना एकही दिवस चुकली नाही. त्या हातांची मला आठवण झाली की मी अजूनही बोलता बोलता थांबतो.

दोन वर्षांनी मला नगरच्या बोर्डिंगात घातलं. मी अकरा वर्षांचा. घर सोडताना रडलो नाही, कारण बाई रडली नाही. दिवाळीच्या सुटीत घरी जाण्याइतके पैसे दरवेळी नसायचे, पण नाताळाआधी बाई एकदा बोर्डिंगात यायचीच. बरोबर हातशिलाईचा एक नवा सदरा.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नाची गोष्ट आहे. मूल होत नाही म्हणून शिलोच्या मंदिरात ती ओठ हलवत रडत प्रार्थना करते, आणि एली याजकाला वाटतं ही प्यालेली आहे. तिला मुलगा होतो. नवसाप्रमाणे दूध तुटल्यावर ती त्याला मंदिरात आणून सोडते. उपदेशात बहुतेकांचा जोर तिच्या प्रार्थनेवर असतो, तिच्या गीतावर असतो. मला त्या गोष्टीतलं भलतंच वाक्य आवडतं. दुसऱ्या अध्यायात, जाता जाता सांगितल्यासारखं, येतं की त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवायची आणि वार्षिक यज्ञाला जाताना त्याला नेऊन द्यायची.

वर्षात एकदा भेटणाऱ्या मुलाचं माप तिला कसं कळायचं?

बाई कसं करायची ते मला ठाऊक आहे. शेजारच्या घरात माझ्याहून दोन महिन्यांनी लहान असलेला एक मुलगा होता. नाताळाच्या महिनाभर आधी बाई त्याला बोलवायची. तो आमच्या ओट्यावर दोन्ही हात पसरून उभा राहायचा आणि बाई सुतळीने त्याची पाठ, छाती, बाही मोजायची. मापाला सुतळीला गाठ. मग त्या गाठीपुढे दोन बोटं वाढवायची. "बोर्डिंगात वेळच्या वेळी जेवाण हाय, त्यो ह्याच्यापरीस वाढला असल," असा तिचा हिशेब. कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा, हे तर होतंच. ते सगळं त्या मुलाने मला पुढे मोठेपणी सांगितलं. तो म्हणाला, तुझी बाई माप घ्यायची तेव्हा माझ्याकडे बघायचीच नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची.

एका वर्षी मी फारच वाढलो. सदरा अंगात घातला तर बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. मी हात मागे घेतले. बाईने ते पाहिलं. "एवढा वाढलास व्हय रं," म्हणाली, आणि बोर्डिंगच्या पायरीवर बसून बाह्यांची दुमड उसवू लागली. आत कापड राखून ठेवलेलं होतं. सुई-दोरा तिने बरोबरच आणला होता. एसटीची वेळ झाली, तरी तिने दुसरी बाही पुरी केल्याशिवाय जागा सोडली नाही. दाताने दोरा तोडला, माझ्या दोन्ही बाह्या खाली ओढल्या, आणि गेली.

देव आईसारखा आहे हे मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही ते यामुळे. यशया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, बाई आपल्या तान्ह्याला विसरेल काय? एखादी विसरलीच, तरी मी तुला विसरणार नाही. आणि शेवटाकडे पुन्हा, आई मुलाचं समाधान करते तसं मी तुमचं करीन. यरुशलेमाकडे पाहून प्रभूच्या तोंडून जो कळवळा निघाला त्यात त्याने स्वतःला कोंबडी म्हटलं. कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुम्हाला घ्यावं असं कितीदा माझ्या मनात आलं, पण तुम्हाला ते नको होतं. शहरातल्या माणसाला हे दृष्टान्तादाखल कळतं. आमच्याकडे अंगणात ते रोज घडायचं. घारीची सावली जमिनीवर पडली की कोंबडी एक विशिष्ट आवाज काढते, पिलं धावत येतात, आणि ती अंग फुलवून जमिनीवर अशी बसते की एकही पिलू दिसत नाही. तिला उडून जाता येत असतं. ती बसून राहते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती माणसाला त्याचं स्वतःचं गाणं दिलं. त्यांनी ख्रिस्ताला 'माउली' म्हणून हाक मारली. ज्ञानोबांना माउली म्हणणाऱ्या, विठाबाई म्हणून विठ्ठलाला आळवणाऱ्या मातीतून ती हाक आली होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. आमच्या खेड्यातल्या मंडळीत पेटी-तबल्यावर टिळकांची पदं सुरू झाली की म्हाताऱ्या बायांचे डोळे मिटायचे. 'बाप' म्हणून देवाला हाक मारायला त्या चर्चमध्ये शिकल्या. 'माउली' मात्र त्या आपापल्या माहेराहून घेऊन आल्या होत्या.

आता जे लिहायचं आहे ते माझ्या चुकीचं आहे. ते वगळून आईच्या मानाबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही.

दहा आज्ञांतली पाचवी: आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख. कॅथलिक भाऊबंदांच्या मोजणीत ती चौथी. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा आईचं नाव आधी आहे. 'मान राख' यासाठी इब्रीत जो शब्द आहे, त्याचा धातू 'जड असणे' या अर्थाचा. मान देणे म्हणजे वजन देणे. मराठीला हे परकं नाही, एखाद्याच्या शब्दाला वजन आहे असं आपण रोज म्हणतो. काना गावात मरीया मुलाला एवढंच सांगते की त्यांच्याकडे द्राक्षारस उरला नाही. माझी वेळ अजून आलेली नाही, असं तो म्हणतो. ती वाद घालत नाही. चाकरांना सांगते, तो सांगेल ते करा. आणि तो सहा दगडी रांजण भरायला लावतो. आईच्या शब्दाला वजन असणं म्हणजे हे.

शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेत, ही आज्ञा आपण लहान मुलांकडून पाठ करून घेतो. पण सीनाय पर्वताच्या पायथ्याशी जे इस्राएल लोक ती पहिल्यांदा ऐकत उभे होते, ते कर्ते, मिशा असलेले पुरुष आणि लेकुरवाळ्या बाया होत्या. त्यांचे आईबाप म्हातारे झालेले. तांडा वाळवंटातून चालणार होता. चालत्या तांड्यात कोण मागे पडतं हे सांगायला नको. मला वाटतं आज्ञा त्यासाठी होती.

२००९ साली आमच्या पुण्याच्या मंडळीत उपासनामंदिराची फरशी बदलायचं निघालं. मी खजिनदार. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, मी कधी चुकवला नव्हता, वर फरशीसाठीही चांगली रक्कम दिली, आणि इतरांकडून गोळा करायला दर रविवारी पावतीपुस्तक घेऊन फिरत होतो. गावाकडे बाई एकटी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर रविवारी उपासनेनंतर मी तिला फोन करायचो, त्यातही नेम चुकला नाही. एका फोनला ती म्हणाली, "डोळ्याम्होरं धुकं आल्यावानी व्हतंय." मी म्हटलं, पावसाळा सरला की येतो. पावसाळा सरल्यावर म्हटलं, फरशीचं काम उरकलं की. मग म्हटलं, नाताळ होऊ दे. तिने पुन्हा विषय काढला नाही. असे चौदा महिने गेले.

बुधवारच्या प्रार्थनासभेत क्रमाने मार्कचं शुभवर्तमान चाललं होतं. सातव्या अध्यायाचं वाचन माझ्याकडे आलं. परूशी आणि शास्त्री या यहुदी धर्मपुढाऱ्यांना प्रभू सांगतो की मोशेने आईबापांचा मान राखायला सांगितलं, पण तुम्ही काय करता? एखाद्याने आपल्या आईबापांना म्हटलं की, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते 'कुर्बान' आहे, देवाला वाहिलेलं आहे, तर पुढे तुम्ही त्याला आईबापांसाठी काही करू देत नाही. देवाचं वचन तुम्ही असं रद्द करता.

हे मी मोठ्याने वाचत होतो आणि माझ्या मांडीवर पावतीपुस्तक होतं.

वाचून झाल्यावर अर्थ सांगायचा असतो. मला काही सांगता आलं नाही. मी खाली बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघालो. पोचायला दुपार टळली. दार लोटलेलं होतं. बाई खिडकीशी, मांडीवर पवित्र शास्त्र उघडं ठेवून, बोट ओळींवरून फिरवत मोठ्याने म्हणत होती: मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल? एकशेएकविसावं स्तोत्र. शब्दान् शब्द बरोबर. जवळ जाऊन पाहिलं तर पुस्तक यिर्मयात उघडलं होतं.

मी पान उलटून दिलं नाही. पायापाशी बसलो. तिने हात पुढे करून माझं तोंड चाचपलं.

मोतीबिंदू पिकून बसला होता. नगरला दवाखान्यात नेलं, एका डोळ्याचं झालं, महिन्याभराने दुसऱ्याचं. पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी बोटं दाखवून किती म्हणून विचारलं, तिने बरोबर सांगितलं. मग माझ्याकडे वळली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"केस पांढरं झालं की रं तुझं," म्हणाली.

त्यानंतर सहा वर्षं ती होती. आधी गावी, आम्ही महिन्यातून दोनदा जायचो, मग शेवटची दोन वर्षं आमच्याकडे. पुण्याच्या घरात तिचा जीव रमला असं मी म्हणणार नाही. बाल्कनीतल्या कुंडीत तिने मेथी लावली, एवढी जमीन तिला पुरली नाही. पण स्तोत्रं ती पुस्तकातून वाचत होती. ती गेली तेव्हा आम्ही सगळे होतो.

तर त्या २०१८ च्या उत्तम शुक्रवारी मी तिसऱ्या शब्दावर बोललो. मरणाऱ्या माणसाला श्वास घेणं अवघड झालेलं असताना त्याने आईसाठी काय केलं, ते सांगितलं. त्याने तिची थोरवी गायली नाही. तिचा निवारा पाहिला. योहान लगेच पुढे लिहितो की त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. त्या घटकेपासून, म्हणजे फरशीचं काम उरकल्यावर नव्हे. हे शेवटचं मी मोठ्याने बोललो नाही. बाकीच्यांना ते समजलं नसतं.

सहा आठवड्यांनी मातृदिन आला.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे तो दरवर्षी होतो. चर्चमधून निघालेलाच हा दिवस आहे. अमेरिकेत पश्चिम व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या मेथडिस्ट चर्चमध्ये १० मे १९०८ रोजी पहिली उपासना झाली. ॲना जार्विस हिने आपल्या आईच्या स्मरणार्थ ती घडवून आणली आणि आईचं आवडतं पांढरं कार्नेशन, अशी पाचशे फुलं तिथे पाठवली. आईने त्याच चर्चमध्ये वर्षानुवर्षं संडे स्कूल चालवलं होतं. त्या माउलीची बरीच लेकरं लहानपणीच गेली, मोजकीच जगली. आपल्यासारखं दुःख शेजारणींना होऊ नये म्हणून तिने गावोगावच्या बायांना एकत्र आणलं. आजारी घरी मदत करा, दूध तपासा, पाणी स्वच्छ ठेवा, असं ते काम होतं. ॲनाच्या मनातला दिवस हा असा होता. १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो देशभरासाठी जाहीर केला, आणि मग फुलांचे, मिठाईचे, भेटकार्डांचे व्यापारी त्यात उतरले. ज्या बाईने दिवस सुरू केला तीच उरलेलं आयुष्य त्या बाजाराविरुद्ध भांडत राहिली. १९४८ मध्ये एका आरोग्यधामात ती गेली. तिने लग्न केलं नव्हतं, तिला मूल नव्हतं.

हे शेवटचं मला आधी ठाऊक असतं, तर त्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका मी वेगळी लिहिली असती. तीत अर्पणाच्या गीतानंतर मी लिहिलं होतं: 'ज्या माता आहेत त्यांनी कृपया उभं राहावं. शब्बाथ शाळेची मुलं गुलाबपुष्प देतील.' दरवर्षी असंच लिहीत आलो होतो.

बाया उभ्या राहिल्या. मुलं फुलं घेऊन रांगांमधून फिरू लागली. तिसऱ्या बाकावर कडेला एक जण बसून होत्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, तीस वर्षं आमच्या शब्बाथ शाळेत शिकवलेल्या. माझी दोन्ही मुलं प्रभूची प्रार्थना त्यांच्याकडे शिकली. मंडळीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, लहानथोर सगळे बाई म्हणतात. एक सात-आठ वर्षांची मुलगी फुलं घेऊन त्यांच्यापाशी आली, थबकली, त्यांच्याकडे पाहिलं, मग पुढे उभ्या असलेल्या आईला फूल देऊन गेली. बाईंनी गायनाचं पुस्तक उघडून पुढच्या गीताचा क्रमांक शोधायला घेतला. तो क्रमांक फळ्यावर लिहिलेला होता.

त्या रात्री मला पंडिता रमाबाईंची आठवण येत राहिली. दुष्काळात देशोधडीला लागलेलं कुटुंब, १८७४ साली आधी वडील गेले आणि थोड्याच दिवसांत आई लक्ष्मीबाई. आईनेच त्यांना संस्कृत शिकवलं होतं. त्या आईला शेवटी खायला हवं होतं, म्हणून रमाबाई शेजारच्या दारी भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, तर तोंडातून शब्द फुटेना. तिरडी वाहायला पुरेशी माणसं मिळेनात. रमाबाईंनी स्वतः एक बाजू घेतली, आणि उंची कमी पडली म्हणून भार डोक्यावर घेतला. सोळा वर्षांची ती मुलगी. पुढे १८९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतात जाऊन भुकेने मरायला टेकलेल्या मुली गोळा करून केडगावला घेऊन आली. पोटची मुलगी त्यांना एकच, मनोरमा. मुक्ती मिशनमधल्या त्या शेकडो मुलींनी मातृदिनाला कुणासाठी उभं राहायचं आणि कुणाला फूल द्यायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोला घेऊन मी बाईंच्या खोलीवर गेलो. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, लाकडी जिना. मी माफी मागितली. कार्यक्रमपत्रिका मी लिहिली होती, म्हटलं.

"अहो, तुमचं काय चुकलं," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "उभं राहावं की नाही, याचा मी दरवर्षी विचार करते. यंदा गुडघा दुखत होता, त्यामुळे सोपं गेलं."

बायकोने त्यांचा हात धरला आणि धरूनच ठेवला. मला रोमकरांच्या पत्राचा शेवट आठवत होता. पौल सलाम कळवतो त्यांत रूफ आणि त्याची आई आहे, आणि तो तिला 'त्याची व माझीही आई' म्हणतो. लग्न न केलेला, घरदार सोडलेला माणूस. कुठल्या गावी, कुठल्या आजारपणात, किती दिवस त्या माउलीने त्याला जेवू घातलं असेल, ते लिहिलेलं नाही.

पुढच्या वर्षीपासून पत्रिकेतलं ते वाक्य काढलं. आता मुलं सगळ्या स्त्रियांना बसल्या जागी फूल देतात. आणि त्या महिन्यापासून बाई दर रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला येऊ लागल्या. आधी नको नको म्हणत, रिकाम्या हाताने कधीच नाही, कधी चिक्की, कधी मुलांसाठी जुन्या अंकांतली कात्रणं. जेवून भांडी विसळायला उभ्या राहायच्या, आम्ही बसवायचो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागायच्या आदल्या दिवशी मी स्कूटरवरून त्यांना घेऊन आलो. एक पिशवी कपड्यांची, एक पुस्तकांची. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. त्या इथेच राहिल्या. बाईच्या खोलीत त्यांचा पलंग आहे. मेथीची कुंडी त्यांनी ताब्यात घेतली.

बोलणं मात्र शाळेतलंच राहिलं. मी त्यांना 'तुम्ही', त्या मला 'अहो'. त्याला माझी हरकत नव्हती, त्यांना तसंच शोभायचं.

मागच्या नाताळाच्या आधीची गोष्ट. मी बाहेरून आलो तर बाई स्टुलावर चढलेल्या. वयाची पंच्याऐंशी जवळ आलेली, तो गुडघा तसाच, एका हाताने माळ्याची कड धरलेली आणि दुसऱ्या हाताने चांदणीचा कंदील खेचत होत्या. स्टूल हलत होतं. माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"बाई, तू आधी खाली उतर!"

मी ओरडलो ते माझं मलाच ऐकू आलं. घरात सगळे गप्प झाले. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन दोन्ही हात वर केले, त्यांनी माळ्याची कड सोडली आणि माझा खांदा धरला.

"उतरते रे," म्हणाल्या, "ओरडतोस काय असा."

कंदील त्यांच्या हातात होता. आधी तो माझ्याकडे दिला, मग पाय खाली टेकला.